बंद खोलीपुढचे मामाजी

माझ्या मामेसासऱ्यांइतका हरवलेला माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि आपण हरवलेले आहोत हे त्यांना कधी पटायचंही नाही. सानगडीला त्यांचा हातमाग. सुताचा धोटा मागावर इकडून तिकडे गेला की मामाजी खिडकीतून तलावाकडे बघत बसायचे. पाण्यात ढग उतरलेले असायचे आणि धोटा बिचारा परतीची वाट बघायचा. एकदा लग्नाला निघाले आणि वाटेत शेताच्या धुऱ्यावर बगळे बघत बसले. पोहोचले तेव्हा मांडव सोडणं चाललं होतं. "जेवण त झालंच असन सगळ्यायचं," म्हणाले आणि निमूटपणे दोर सोडायला लागले.

मामी गेल्या आणि हे हरवणं गमतीचं राहिलं नाही. त्यांची झोप उडाली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी समुपदेशक ताई बसायच्या, त्यांच्याकडे मी मामाजींना नेलं. "गोळी नाही, सुई नाही, नुसतीच आयकते. असा कसा दवाखाना?" म्हणून पहिल्या दिवशी रुसले. पुढच्या मंगळवारी मी पोहोचायच्या आधीच अंघोळ करून तयार! हळूहळू झोप परतली आणि मागाचा खटखटाटही.

मग मुंबईत की दिल्लीत, कुठेतरी मोठ्या माणसांनी आरोग्याच्या खर्चाला कात्री लावली. ताई कंत्राटावर होत्या. ते कंत्राट पुढे वाढलंच नाही. खोलीला कुलूप लागलं. मामाजी मात्र अजून मंगळवारी इस्त्रीचा सदरा घालून त्या कुलपापुढच्या बाकावर बसतात. नवे लोक त्यांनाच दवाखान्याचा माणूस समजून मन मोकळं करतात, आणि कुणाला मध्येच अडवणं मामाजींच्या स्वभावात नाही. "हो ना बाई," "असंच असते बापा," एवढंच म्हणतात. लोक हलके होऊन जातात, एखादा पेरूही देऊन जातो.

परवा त्यांना न्यायला गेलो तेव्हा मी चेष्टा केली, "मामाजी, सरकारचा खर्च वाचवून राहिले तुम्ही!"

ते हसले नाहीत. "एक पोरगी आली होती, जवाई. जगावंच नाही वाटत म्हणे. मी काय सांगू तिले? ते ताईले येत होतं. तिचा भाऊ येतवरी हात धरून बसलो. तो घेऊन गेला तिले नागपूरले, मोठ्या दवाखान्यात. पन मले तवापासून झोप नाही येऊन राहिली."

मी बाकावर त्यांच्या शेजारी टेकलो. म्हटलं, "मग मले सांगत जा ना सगळं."

"तुमाले?" मामाजी ओशाळले. "जवायापुढं रडाचं नसते, बापू."

मामाजींच्या घरात इतकी वर्षं मी पहिला पाट आणि पहिलं ताट मिळवलं. जावईपणाचा मान मला त्या दिवशी पहिल्यांदाच नकोसा झाला. समोर सानगडीची बस येऊन थांबली. मामाजी आभाळाकडे बघत होते, मीही हाक मारली नाही. बस निघून गेली. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.