तिसऱ्या तबकडीतली पाटलीण

युसूफचा फोन आला तेव्हा भागूबाई मेथी निवडत होती. तिच्या नवऱ्याला, सांडूआप्पांना, अलीकडं कमी ऐकू येतं, म्हणून मुलानं, सोमनाथनं, त्यांचा फोन कायमचा स्पीकरवर टाकून ठेवलेला. युसूफचं बोलणं थेट स्वयंपाकघरापर्यंत आलं.

“मामू, मिल गई! तुमची तिसरी मिल गई! जालन्याच्या भंगारात सापडली, पन एकदम साबूत. आता सेट पुरा झाला समजा.”

दुसरा कुणी असता तर आनंदानं ओरडला असता. आप्पा नुसतं “बरं” म्हणाले, फोन उशाशी ठेवला आणि भिंतीकडं बघत राहिले. भागूबाईच्या हातातली जुडी खाली आली. त्या तिसऱ्या तबकडीत काय आहे ते आप्पांनी जन्मात ऐकलेलं नाही, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक आप्पा आणि दुसरी ती.

सोयगावपासून फर्दापूरपर्यंत जुन्या माणसांना आजही ‘रेकॉर्डवाला सांडू’ म्हटलं की ओळख पटते. गावोगावी वीज यायची होती तेव्हाची गोष्ट. दोन कर्णे, एक बॅटरी, चावी देऊन फिरवायचं मशीन आणि लाकडी पेटीत वाळक्या गवतात रचून ठेवलेल्या लाखेच्या तबकड्या, एवढा सांडूचा संसार बैलगाडीत मावायचा. लग्नाची तिथी ठरवताना लोक भटजींच्या आधी सांडूला विचारायचे, “त्या दिशी मोकळा हायेस का बाबा?” गावातल्या उंच लिंबाच्या शेंड्याला कर्णा बांधायला तो स्वतः चढायचा. मग खाली येऊन माइकवर फुंकर मारायचा. त्या फुंकरीनं कापूस वेचणाऱ्या बाया शेतात उभ्या राहायच्या. कर्ण्याचं तोंड शेजारच्या गावाकडं वळवलेलं असायचं, म्हणजे ज्यांना बोलावणं नाही त्यांनाही लग्न ऐकू जायचं. तबकडीच्या दर बाजूला नवी पिन लावायची, जुनी डबीत टाकायची. त्या झिजलेल्या पिना पोरं मागून न्यायची आणि त्यांच्यावरून मारामाऱ्या करायची.

सांडूची खरी ओळख म्हणजे गुलाब कासारणीचा वग. चार तबकड्यांची ती गोष्ट. गुलाब पाटलाच्या वाड्यावर बांगड्या भरायला जाते ही पहिली. पाटलिणीच्या गळ्यातल्या सोन्याच्या पुतळ्या हरवतात, आळ गुलाबवर येतो आणि तिला चावडीच्या खांबाला बांधतात ही दुसरी. चौथीत सगळं गाव गुलाबची माफी मागतं. मधल्या तिसरीत काय होतं हे ऐकायला माणसं जेवणाची पंगत अर्धी सोडून यायची.

हा सेट सांडूनं लग्नातल्या आहेराच्या पैशातून शहरात गुलमंडीला घेतला होता. नव्या नवरीला शहर दाखवायला आणलं आणि बांगड्यांऐवजी तबकड्या घेऊन परत निघाला. दुकानदारानं पहिली तेवढी वाजवून दाखवलेली. फर्दापूरला एसटीतून उतरल्यावर पुढं बैलगाडी होती. अंधार पडायला आला होता. भागूबाई गाडीत चढली आणि पोत्यात काहीतरी गुंडाळलेलं मऊ दिसलं त्यावर बसली. कट्ट झालं.

तिला वाटलं, आता आपल्याला माहेरी धाडतील. सांडूनं पोतं उघडलं. वरचीच तबकडी गेली होती, तिसरी. तो बराच वेळ तुकडे हातात धरून बसला. मग म्हणाला, “तुला लागलं का?” त्यावर ती जी रडायला लागली ती गाव येईपर्यंत थांबली नाही.

चार दिवसांवर एक लग्न होतं आणि वग वाजणार म्हणून सांडूनं आधीच सांगून ठेवलं होतं. घरी त्यानं दुसरी ऐकली, चौथी ऐकली आणि डोकं धरून बसला. भागूबाई भाकरी थापत होती.

“भागू, गुलाब बांधल्याली हाय. फुडं समदं गाव तिची माफी मागतंय. मधी काय झालं आसंल?”

“पाटलीण बोलली आसंल.”

“काय बोलली आसंल?”

भागूबाईनं भाकरी उलटली. “म्हनंल, पुतळ्या चोरीला गेल्या न्हाईत. म्याच मोडल्या, माझ्या मायच्या दवापाण्याला. बांधायचं तर मला बांधा. आन् काय म्हनंल?”

सांडूनं ते शब्द दोनदा पुटपुटून बघितले.

त्या लग्नात मशीनभोवती नेहमीसारखा चारी बाजूंनी पडदा होता. दुसरी तबकडी संपली. सांडूनं एका झिजलेल्या रेकॉर्डच्या शेवटच्या चरीत पिन सोडून दिली, ती नुसतीच खरखरत राहिली. त्या खरखरीवर त्यानं माइकमध्ये पाटील केला, चावडीचा शिपाई केला आणि बारीक आवाजात पाटलीण केली. बाहेर चिडीचूप. पाटलिणीनं “मला बांधा” म्हटलं तेव्हा बायकांच्या घोळक्यातून हुंदका आला. कुणालाही शंका आली नाही. पुढं टेप येऊन धंदा बसेपर्यंत त्यानं गावोगाव ती तिसरी तबकडी अशीच ‘वाजवली’. कुणी विचारलंच तर म्हणायचा, “तबकडीवर हाय ते वाजतंय.”

आता सोमनाथ चिकलठाण्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहे आणि दोघं म्हातारी त्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. तबकड्यांच्या पेट्या पलंगाखाली असतात. आप्पांचे हात थरथरतात, पिन लावता येत नाही. आपल्यामागं हे सगळं रद्दीत जाऊ नये, कुणीतरी वाजवणाऱ्याच्या घरी जावं, म्हणून त्यांनीच जुन्या बाजारातल्या युसूफला सांगितलं होतं. युसूफचं जुन्या रेकॉर्डींचं दुकान आहे. त्यानं कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या तनुजाताईंना आणलं. त्यांच्या घरात म्हणे भिंतीच्या भिंती तबकड्यांनी भरल्यात.

“मामू, ह्या धंद्याचं आसं हाय,” युसूफनं समजावलं होतं. “गानं कोनाचं हाय त्याच्याबरोबर किती उरल्यात ते बी बघतात. लेबल साफ पायजे, कडा शाबूत पायजेत. तुमच्या तीनला हजारभर येतील. चार झाल्या तर मॅडम चाळीस हजार देतील. आख्ख्या महाराष्ट्रात पुरा सेट कोनाकडं नाही.” आणि तो दोन वर्षं तिसरीची रिकामी जागा भरायला भंगारवाल्यांचे उंबरे झिजवत राहिला. आप्पांनी “ऱ्हाऊ दे रे” म्हटलं की त्याला वाटायचं, म्हातारा भिडेखातर म्हणतोय.

शनिवारी युसूफ तबकडी घेऊन आला. जुन्या लुंगीत तान्ह्या लेकरासारखी गुंडाळलेली. “उद्या मॅडम येतेत. सोमनाथभाईंनी गाववाल्यांना बी बोलावलंय. तवर तुमच्याकडं ठेवा. पुसायचं तर वल्ल्या फडक्यानं, स्पिरिट लावू नका.”

“मला शिकवतो का रे?” आप्पा म्हणाले.

तो गेल्यावर भागूबाईनं दार लावलं. “वाजवून बघायची का?”

“न्हाई.”

“उद्या समद्यांम्होरं कळंल. लोक म्हनतील, सांडूनं जन्मभर गंडवलं.”

“म्हनतील.”

भागूबाईनं पलंगावरची उशी बाजूला सारली. “मंग ती ठेवा हितं पलंगावर.”

“कामून?”

“म्या बसते. एकदा बसले व्हते, पुन्यांदा बसते. दिसलं न्हाई म्हनून सांगू. म्हातारीला कोन काय म्हनतंय?”

आप्पांना हसू आलं. हसता हसता खोकला आला, मग डोळे पुसले. “आगं, तवा तू पोरीच्या हिशेबात व्हतीस. आता वजन बघ.” मग त्यांनी लुंगी सोडून तबकडी उजेडात धरली. “कुनीतरी गायल्यालं हाय भागू ह्याच्यात. एकदा फुटली, तेच लई दिस डोळ्यांम्होरनं जात नव्हतं.”

भागूबाईचा जीव टांगणीला लागला. आप्पांचं ब्लडप्रेशर, त्यात हे. लोक काय बोलतील याच्यापेक्षा, लोक बोलल्यावर आप्पा गप्प होतील आणि मग उठणारच नाहीत, याची तिला धास्ती होती. या माणसाकडं जमीन नाही, पेन्शन नाही. होतं ते नाव.

रविवारी हॉलमध्ये सतरंजी टाकली. सोयगावकडची पाच-सहा घरं चिकलठाण्यात आहेत, ती सगळी आली. पुढं खुर्चीत रूपाबाई बसल्या, शेजारच्या बिल्डिंगमधल्या. त्यांच्या लग्नात हाच वग वाजला होता. तनुजाताईंनी आपलं मशीन आणलं होतं, पेटीसारखं, चकचकीत. पहिली तबकडी लागली आणि खोलीत जुनी खरखर भरली. म्हाताऱ्यांचे ओठ हलायला लागले. दुसरीला गुलाब खांबाला बांधली तेव्हा रूपाबाईंनी पदर तोंडाला लावला.

मग तिसरी.

तिच्यात एक गोसावी आला. त्यानं गाणं म्हटलं. चांगलं म्हटलं, पण संपेचना. मग पाटलाला स्वप्न पडलं आणि पुतळ्या देवघरात फुलांखाली सापडल्या. पाटील म्हणाला, “जा बाई, सोडली तुला.” तबकडी संपली. पाटलीण एका अक्षरानं बोलली नाही.

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मग रूपाबाई म्हणाल्या, “ही आमची न्हाई.”

“म्हणजे?” तनुजाताईंनी विचारलं.

“ह्याच्यात पाटलीण कुठं हाय? आमच्या तिसरीत पाटलीण उठती. ही खोटी हाय.”

“व्हय, व्हय,” मागून आवाज आले. “त्यो बुवा कुठला काढला मधीच?”

सोमनाथही गोंधळला. “युसूफभाई, मी ल्हानपनी ऐकलीय. हे दुसऱ्याच वगाचं दिसतंय.”

तनुजाताईंनी तबकडी उचलून खिडकीशी नेली. “लेबल तर तेच आहे. पण हल्ली लेबलं बदलून चिकटवतात. मागं एकदा मी फसलेय.”

“भंगारातून आणायची दोनशेला,” कोपऱ्यातला एक जण म्हणाला, “आन् कागद चिकटवून इकायची चाळीस हजाराला. बरा धंदा हाय.”

युसूफचं तोंड उतरलं. “मॅडम, बापाच्या टाइमपासून दुकान हाय. कुनाला बी इचारा. मैंने कभी...” तो खाली बसून लुंगी उलगडायला लागला, तबकडी गुंडाळायला. लुंगीची टोकं त्याच्या हाताला लागेनात.

भागूबाईनं आप्पांकडं पाहिलं. सुटले होते ते. काही करायची गरज नव्हती, नुसतं गप्प बसायचं. तिनं मनातल्या मनात म्हटलं, बसा हो, बसून ऱ्हावा.

आप्पा भिंतीला धरून उभे राहिले.

“ती खरी हाय,” ते म्हणाले. “खोटी आमची व्हती.”

“आप्पा, खाली बसा,” सोमनाथ म्हणाला.

“बसतो. आधी सांगू दे. तिसरी माझ्याकडं कधी वाजलीच न्हाई. आनतानाच फुटली. मी पडद्याआड बसून तोंडानं म्हनायचो. युसूफनं आनली ती असल हाय. ताई, त्याच्यावर शक घेऊ नका.”

कुणीतरी हसलं, पण हसणं पुढं गेलं नाही. तनुजाताई तबकडी हातात घेऊन आप्पांकडं बघत राहिल्या. युसूफ उकिडवा तसाच. “या अल्ला,” तो म्हणाला, “दो साल मेरेकू फिरवला मामू? एक बार तो बोलते!”

“लाज वाटली रे.”

रूपाबाई मात्र ताठ झाल्या होत्या. “म्हंजी माझ्या लग्नात तुमी खोटं वाजवलं?”

“व्हय बाई.”

“फुडं माझ्या जावेवर आळ घेतला व्हता सासूनं, तूप चोरल्याचा. तूप म्या दिल्यालं, माझ्या आजारी भावाला. म्या उठून सांगितलं समद्यांम्होरं, बांधायचं तर मला बांधा म्हनून. तबकडीवर हाय म्हंजी जगात कुठंतरी आसं झालं आसंल, ह्या भरवशावर उठले म्या. आन् ते तुमी मनानं सांगत व्हता?”

आप्पांची मान खाली गेली. “मी न्हाई. माझं डोकं चालत नव्हतं तवा. पाटलिणीचे शब्द हिचे हायेत.”

सगळ्या माना भागूबाईकडं वळल्या. तिला पदर कुठं घ्यावा कळेना.

“तू सांगितलं व्हय गं?” रूपाबाईंनी विचारलं.

“व्हय. भाकरी थापता थापता.”

रूपाबाई उठल्या. चहा न घेता, चप्पल घालून निघून गेल्या.

तनुजाताईंनी ठरलेले पैसे दिले आणि चारही तबकड्या नेल्या. जाताना म्हणाल्या, “आप्पा, पुन्हा येईन, तुमची तिसरी ऐकायला.” आप्पांनी हात जोडले. युसूफनं आपला वाटा घेतला, रुसून दारापर्यंत गेला, परत आला आणि आप्पांच्या पाया पडून गेला. सोमनाथनं सतरंजी गुंडाळली. आप्पा खिडकीशी बसून विमानतळाकडून येणारी गाड्यांची रांग बघत राहिले, पण त्यांचे खांदे सैल झालेत हे भागूबाईला लांबून कळत होतं. तिचा घोर मात्र गेला नव्हता. रूपाबाई रोज सकाळी भाजीच्या गाडीवर भेटतात. आता कसं तोंड दाखवायचं?

दिवेलागणीला फोन वाजला. रूपाबाईच होत्या. भागूबाईनं दोन्ही हातांनी फोन धरला.

“भागूबाई, रागानं आले मी मघा.”

“तुमचं बरोबरच व्हतं.”

“ते ऱ्हाऊ दे. मला एक इचारायचंय. लई वर्सांचं मनात व्हतं, पन तबकडीला इचारता येत न्हाई. त्या चौथीत समदं गाव गुलाबची माफी मागतं. पाटलिणीचं काय झालं गं? बोलल्यावर घरात ठेवलं का तिला? मला तर म्हयनाभर कुनी बोललं नव्हतं.”

भागूबाईनं याचा कधी विचारच केला नव्हता. तिला फक्त गुलाबला सोडवायचं होतं. तिनं पायानं पाट ओढला, त्यावर बसली.

“ठेवलं,” ती म्हणाली. “पन सोपं गेलं न्हाई तिला. पयले काही दिस पाटील जेवायलाच आत येत नव्हता. मंग एके दिवशी, ऐक, काय झालं...”