राणीचा पाचवा दाणा

कुलूपवाल्याला त्याची बायको मनातल्या मनात 'गंजलेलं कुलूप' म्हणायची. जेवताना "हं", झोपताना "हं". ती केस कापून आली तरी "हं".

आणि हाच माणूस दुकानाच्या खिडकीत येणाऱ्या एका कावळीशी तासन्‌तास गप्पा मारायचा. तिचं नाव त्याने राणी ठेवलं होतं. बायकोला हाक मारताना मात्र तो "अगं"च्या पुढे कधी गेला नव्हता.

दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. कावळीच्या देखत तो कागदाच्या कपट्यांनी भरलेल्या डबीत दोन शेंगदाणे टाके, जरा थांबून आणखी तीन टाके आणि झाकण ठेवी. कावळी झाकण उडवून कपट्यांतून एकेक दाणा वेची. पाच झाले की शोधणं बंद.

"बेरीज येते हो हिला," तो गिऱ्हाइकांना सांगे. त्याचा तो फुललेला आवाज ऐकून आत शिलाई मशीन चालवणाऱ्या बायकोचे पाय थांबत. सवत असती तर झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. हिचं काय उपटणार?

एका दुपारी दाणे टाकल्यावर तो गिऱ्हाइकाला किल्ली द्यायला दाराशी गेला. बायकोने आतून येऊन पदर झटकून कावळीला उडवलं, दाराकडे पाठ केली आणि डबीतला एक दाणा मुठीत घेतला.

कावळी परतली. चार दाणे सापडले, पण ती हलेना. तिने सगळे कपटे बाहेर फेकले, डबी पालथी केली.

"पाच टाकले होते," कुलूपवाला म्हणाला. "हिचं चुकत नाही. एक गेला कुठे?"

बायकोने मूठ उघडली. "हिला दाणा कमी पडला ते लगेच कळलं तुम्हाला. मला काय कमी पडतं, ते कधी विचारलंत?"

तो कानशीच्या दांड्यावरून बोट फिरवत राहिला. तेवढ्यात कावळीने बायकोच्या तळहातावरचा दाणा उचलला आणि ती उडून गेली. बयेने तेवढ्यातही डाव साधला.

संध्याकाळी तो चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात आला, ओट्याशी अवघडून उभा राहिला. बराच वेळ त्याला विषयच सुचेना. मग सुचला, तो राणीचाच. पहिल्यांदा ती तीनच्या पुढे कशी गडबडायची, एकदा चुकून जास्तीचा पडलेला सहावा दाणा कसा तिथेच सोडून गेली. नवरा इतकं बोलू शकतो, हे बायकोला नव्यानेच कळत होतं. ऐकायला बरं वाटत होतं. आणि विषय ती कावळी होती, म्हणून अंगाचा तिळपापडही होत होता.

"बसा की," ती म्हणाली. "उभ्याने काय सांगताय?"