दारं-खिडक्या लावून घ्या
सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास आला की बेळगावातल्या सरकारी कचेरीतली ती दुपार आठवते. ऐंशीचं दशक सरत आलं होतं, मी तिथं टायपिस्ट होते आणि घाटाखालच्या रानात अणुवीज केंद्र व्हायचं होतं. तिथं अपघात झालाच तर कुठल्या गावाला किती बसगाड्या पाठवायच्या, याची यादी मी टाइप करत होते. मधेच आक्काच्या सासरचं गाव आलं. बसच्या रकान्यात नुसती रेघ होती. चूक राहिली असेल म्हणून मी कागद घेऊन साहेबांकडं गेले. "चूक न्हाय, बाई. त्या गावाला रस्ताच न्हाय, बस जाणार कुठनं?" ते समजुतीनं म्हणाले. "मग तिथल्या माणसांनी काय करायचं?" "दारं-खिडक्या लावून, फटी ओल्या फडक्यानं बुजवून घरात बसायचं. आणि हे बाहेर बोलायचं न्हाय." रविवारी मी आक्काकडं गेले, शेवटचे दोन कोस चालत. तिचं घर कुडाचं. कारवीच्या काड्यांमधनं ऊन आत येऊन तिच्या तान्ह्या लेकीच्या अंगावर पट्टे पडले होते. मी भिंत चाचपायला लागले. "अशी काय बघालीस गं?" आक्कानं विचारलं. "काय न्हाय, उगंच," मी म्हणाले. आता केंद्र सुरू होऊन किती वर्षं झाली, मी निवृत्त झाले, आक्का अजून त्याच गावात आहे. तिला मी आजवर काही सांगितलेलं नाही, पण एखाद्या सकाळी तिचा फोन लागला नाही की लागेपर्यंत मी पुन्हा पुन्हा लावत राहते.