साडेअकराचा केक

३० नोव्हेंबर. सकाळी सहाला मी दुबईत, अल मनखूलच्या आमच्या स्वयंपाकघरात झेंड्याच्या चार रंगांचा ढोकळा वाफवत होते. लाल बिटाचा, हिरवा कोथिंबिरीचा, पांढरा साधा. काळ्यासाठी काही सुचेना, म्हणून वरून खजुराची चटणी थापली. ऑफिसात त्या दिवशी नॅशनल डे साजरा करायचा होता. अमिरातीचा खरा नॅशनल डे दोन डिसेंबरला. पण एक तारखेपासून सुट्टी, आणि सुट्टीत केक खायला कोण येणार, म्हणून आमच्या साहेबांनी तो आदल्या दिवशीच उरकायचं ठरवलं होतं.

मुलगी दप्तर भरता भरता म्हणाली, "आई, बट टुडे इज द सॅड वन. वी हॅव सायलेन्स इन स्कूल."

"माहीत आहे," मी म्हटलं आणि डब्याला झाकण लावलं. माहीत होतं, तरी लावलं. हे आधीच सांगून टाकते.

तीस नोव्हेंबर हा इथला हुतात्म्यांचा दिवस, कमेमोरेशन डे. सकाळी आठला झेंडे अर्ध्यावर येतात, साडेअकराला मिनिटभर स्तब्धता, मग झेंडा पुन्हा वर. आमच्या कॉन्ट्रॅक्टिंगच्या ऑफिसात सरकारी कागदपत्रं पाहणारी एक इमिराती बाई आहे, आमच्यातली एकटीच इथली. तिचा धाकटा भाऊ येमेनच्या लढाईत गेला. तेव्हा मी तिच्या घरी जाऊन बसले होते. तिची आई आलेल्या प्रत्येक बाईला स्वतःच्या हाताने कॉफी देत होती, कुणाला उठू देत नव्हती. दरवर्षी या दिवशी ती सकाळभर आईजवळ असते आणि दुपारी कामावर येते.

ऑफिसात पोचले तर साहेब फुगे फुगवून घेत होते. मला म्हणाले, "ताई, मॅडमना सव्वाअकराला बोलावलंय. अर्जंट सही आहे म्हणून सांगितलं. केक त्यांच्याच हातून कापू. लोकल माणूस, फोटो झकास येईल."

"साहेब, आज तिच्या भावाचा दिवस आहे."

"अहो, शहीद काय नि नॅशनल डे काय, झेंडा एकच ना?"

साहेब साताऱ्याकडचे. त्यांच्या गावच्या वेशीत लढाईत गेलेल्यांच्या नावांचा दगड आहे, त्यात त्यांच्या चुलत्यांचंही नाव. हे त्यांनीच मला अनेकदा अभिमानाने सांगितलेलं. मी विचारलं, "त्या दगडापुढे फुगे लावाल? चुलतीच्या हातात सुरी द्याल?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ताई, तुम्ही फार सिरियस घेता. केक आलाय, माणसं जमलीत. आता काय कॅन्सल करायचं?"

मी तिला फोन लावला, लागला नाही. गाडी चालवत असणार.

ती आली. दारातच टाळ्या, "सरप्राइज!", "यल्ला मॅडम, चला चला!" सगळे आपलेच, चांगल्या घरातले, शिकलेले. तिने आधी सहीचा कागद कुठे आहे ते विचारलं. मग फुगे बघितले. नाही म्हणणं तिला जमलं नाही. आम्ही तिच्या देशातले पाहुणे, आणि पाहुण्यांनी पुढे केलेलं नाकारायचं नाही, हे त्या घरात हाडीमासी भिनलेलं. तिने सुरी हातात घेतली आणि तेवढ्यात साडेअकरा झाले. खिडकीखाली शेजारच्या सरकारी इमारतीतली माणसं अंगणात येऊन उभी राहिली. ती खिडकीकडे वळली आणि तशीच उभी राहिली, सुरी हातात, मागे फुगे. आमच्याकडच्या टाळ्या थांबायला निम्मं मिनिट गेलं. साहेबांनी तेवढ्यात फोटो काढला.

मग तिने केक कापला, "मबरूक" म्हणून सगळ्यांचं अभिनंदन केलं, आणि पर्स उचलली. जिन्यात मी तिला गाठलं. "माफ कर. मला माहीत होतं."

ती हिंदीत म्हणाली, "कोई बात नहीं, खलास. बस फोटो मत डालना. अम्मी फोन देखती है."

मी वर आले तोवर फोटो कंपनीच्या पेजवर होता. खाली 'हॅपी कमेमोरेशन डे' आणि तीन फुलं. साहेब तोवर लिफ्टने उतरून गाडीत बसून गेलेले, फोन बंद. पेज मी चालवत नाही; पासवर्ड एकतर त्यांच्या फोनवर, नाहीतर त्यांच्या कॉम्प्युटरवर. कॅबिनला कुलूप. या देशात परवानगीशिवाय बाईचा फोटो टाकणं गुन्हा आहे, हे आम्हीच नव्या माणसांना पहिल्या दिवशी शिकवतो! रात्री झोपेपर्यंत त्याला साठ लाइक्स होते, त्यातले बरेच आपलेच.

दुसऱ्या दिवशी सुट्टी. सकाळी सातला मी साहेबांच्या घरची बेल वाजवली. ते बनियनवर दार उघडायला आले. "ताई? सुट्टीच्या दिवशी?"

"पेजवरचा फोटो काढून टाका. माझ्यासमोर."

त्यांनी काढून टाकला. मग मी त्यांच्याकडून तिला माफीचा फोन लावून घेतला आणि ते बोलून होईपर्यंत दारातच उभी राहिले.