शालीत गुंडाळलेली हवा

ही गोष्ट मी सांगायला घेतली की आमची सून चहा ठेवायला उठते. माझा आवाज आता चढणार, हे तिला ठाऊक असतं. वीसएक वर्षं झाली, पण राग काही जुना होत नाही.

नव्वदच्या दशकात आमचे हे गोव्याकडे एका बोटीवर होते. पर्यटकांच्या पाठीला हवेची टाकी बांधायची आणि त्यांना समुद्राखाली नेऊन मासे दाखवायचे. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तसे नोकरी सोडून परत आले. येताना एक जुनी टाकी, तोंडात धरायची नळी आणि पाण्यातला चष्मा विकत घेऊन आले. हिंगोली जिल्ह्यात समुद्र कुठला? पण विहिरी होत्या आणि विहिरीत सुटून पडलेल्या पाणी उपसायच्या मोटारी होत्या. सिद्धेश्वरच्या धरणात बुडलेल्या झाडांना अडकलेली जाळी होती. हे खाली जाऊन काढायचे आणि मी वर दोर धरून बसायचे. एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ढील द्या, तीन म्हणजे ओढा. मला स्वतःला पोहता येत नाही. हौदाशी वाकले तरी कठडा धरते. जिल्ह्यातल्या एकुलत्या एका पाणबुड्याचा जीव असल्या बाईच्या मुठीत होता.

या धंद्यात पाण्याची नाही, हवेची तकलीफ. टाकीत भरायची ती दाबाची, स्वच्छ हवा आम्हाला थेट पुण्यात मिळायची. वसमतचा एक पंक्चरवाला फुकट भरून देतो म्हणाला होता. त्याच्या लेखी ट्रॅक्टरचं चाक आणि माणसाचं फुप्फुस सारखंच. एसटीत कंडक्टर टाकी दिसली की गॅस समजून खाली उतरवायचा. म्हणून एक भरलेली टाकी संपायच्या आत पुढच्या पुण्याच्या खेपेची सोय व्हायलाच हवी, नाहीतर धंदा तिथंच बंद. शिवाय आम्हीच केलेला एक नियम होता. बुडालेलं माणूस काढायचे पैसे घ्यायचे नाहीत.

एका मे महिन्यात कनेरगाव नाक्याजवळच्या एका बागायतदाराची मोटार विहिरीत पडली. संत्र्याची बाग वाळत चालली होती. मालक स्वतः जीप घेऊन घरी आले, पैसे ठरले, चहा झाला. हे विहिरीत उतरले. गाळात हात घालून मोटार शोधली, तिला जाड दोर बांधला आणि माझ्या दोराला तीन झटके दिले. मी गड्यांना ओढा म्हटलं. गडी मालकाकडे बघायला लागले. मालकांनी हात आडवा केला.

"वहिनी, पैसे जरा जास्तच सांगितलेत काहो तुमी?"

मोटार गाळातून सुटेपर्यंत तिला सावरत खाली माणूस हवा संपवून राहिलाय आणि वर हा भाव करून राहिलाय. पुन्हा तीन झटके आले. आणि मी, जी भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीवरून भांडते, ती म्हणून गेले, "तुमी म्हणाल ते. आधी ओढा."

मोटार वर आली, मागोमाग हेही आले. मालकांनी घड्याळ बघितलं, अकरा मिनिटं म्हणाले. अकरा मिनिटांत मजुराचं खुरपंसुद्धा हातात बसत नाही, असंही म्हणाले. मग चार माणसांना बोलावून यांचा सत्कार केला. शाल आणि नारळ. यांच्या अंगातून अजून गाळ गळत होता, त्यावरच शाल. मी पैशाचं विचारलं तर मालक हसले.

"तुमीच म्हणल्या, आमी म्हणू ते. अन् धरणातून माणसं फुकट काढता, मंग मोटारीलाच पैसे काहून?"

माणूस आणि मोटार एका तागडीत. याचं उत्तर मला आता रोज सुचतं, भांडी घासताना.

तिसऱ्या दिवशी धरणात एक माणूस बुडाला. उरलेली हवा त्याला वर आणण्यात गेली. त्या हवेचं मला वाईट वाटत नाही. पण टाकी रिकामी झाली, पुण्याच्या खेपेला पैसे नव्हते, आणि हे ती माळ्यावर चढवायला निघाले. गवंड्याच्या हाताखाली जाईन म्हणाले.

मी टाकी उचलली, म्हणजे ओढली, आणि दोन एसट्यांतून उतरवल्यावर तिसरीने कनेरगावला गेले. मालकांच्या ओट्यासमोर उन्हात बसले, शेजारी टाकी, अंगावर त्यांचीच शाल. घाम पाठीवरून वाहत होता आणि आतून मी पुरती घाबरले होते, पण उठले नाही. येणारा-जाणारा विचारायचा, बाई, उन्हाळ्यात शाल काहून? मी सांगायचे, मालकांनी सत्कार केला, काढली तर त्यांचा अपमान व्हईल. दुपारपर्यंत अर्धा गाव पैशाऐवजी झालेल्या सत्काराचं कारण ऐकून गेला. शेवटी मालकीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. मग आत जाऊन नवऱ्याशी बोलल्या.

मालकांनी पुण्याचं भाडं आणि हवेचे पैसे दिले. अकरा मिनिटांचे आणि त्याआधी ती विद्या शिकण्यात गेलेल्या वर्षांचे काही नाही. मी घेतले. हवा तर हवी होती.

दुसऱ्या दिवशी हे पुण्याला निघाले. टाकी मी त्या शालीत गुंडाळून दिली, वरून नीट गाठ मारली. कंडक्टरनं या खेपेला खाली उतरवलं नाही. ती शाल तेवढी बराबर कामाला आली.