म्हादूचा लिंब आणि आईचं पान

आमच्या घरी एकदा अख्खी भावकी भरल्या पानांसमोर उपाशी बसली, ती माझ्या कुऱ्हाडीमुळं.

त्याचं असं झालं. गेवराईजवळच्या आमच्या गावात म्हादू माझा भिंतीला भिंत शेजारी. त्याच्या कडुलिंबाची एक फांदी माझ्या अंगणात आलेली. तिच्यावर कावळे बसायचे आणि सगळी घाण माझ्या नव्या मोटारसायकलवर! आई मात्र त्याच फांदीखाली बाज टाकून पडायची. "राहू दे रे, लई गार सावली हाय," म्हणायची. पण मला हद्दीचं भूत लागलेलं. म्हादू वावरात गेलता, तेवढ्यात फांदी बुडातून उडवली!

"इचारायचं तरी बे!" म्हादू कळवळला.

"माझ्या हद्दीत मी कुणाला इचारत न्हाई!" असं म्हणून मी त्याच्याशी बोलणंच बंद केलं. (केवढा तोरा!) आईनं मुकाट बाज उचलली आणि म्हादूच्या अंगणात उरलेल्या लिंबाखाली टाकली. शेवटचा उन्हाळा तिनं तिथंच काढला. दुपारी जेवायला हाक मारली तर "भूक न्हाई" म्हणायची. पावसाळ्याच्या तोंडाला गेली.

मग तिचं पहिलं पित्तर आलं. कढी, भजी, खीर, गवारीची भाजी. पत्र्यावर पान ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. मी घसा फोडून "काव! काव!" करतोय, आणि कावळे सगळे म्हादूच्या बाजूला!

"कावून येईनात?" मामा कासावीस.

"बसाया फांदी कुठं ठिवलीय ह्यांनी?" बायको सगळ्यांदेखत.

तीन वाजले. मी तंबाखू सोडली, बहिणीला साडी कबूल केली, मोटारसायकलसुद्धा विकायला काढली. कावळे ढिम्म! मामांना चक्कर आली.

शेवटी पान घेऊन म्हादूच्या दारात गेलो. पानाकडं बघून त्यानंच शिडी लावली. त्याच्या पत्र्यावर पान ठेवून मी हात जोडले, "माय, चुकलो गं. तुझी सावली तोडली म्या. खा आता!" आणि तिथंच ढसाढसा रडलो.

दोन पावलं मागं सरलो नाही तोच कावळा उतरला आणि भजं उचलून गेला.

"काकू रोज दुपारी आमच्याकडंच जेवायच्या," म्हादू खालून हळूच म्हणाला.

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

"सांगू कसं? आपलं बोलणं बंद हुतं ना बे!"