मीटरपेटीतला जोड

आईची फुप्फुसं थकली तेव्हा डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. म्हसवडजवळच्या गावात वीज सारखी जाते, म्हणून मी तिला मलकापूरला आमच्या फ्लॅटवर आणलं. मशीन एरवी बरं चालायचं. पण गीझर लावला की दिवे पिवळे पडायचे आणि मशीन शिट्टी मारून बंद व्हायचं.

"लय बोंबलतंय गं ह्ये," आई धापा टाकत म्हणायची.

बिल्डरने इलेक्ट्रिशियन पाठवला. त्याने सगळं बंद करून मोकळ्या सॉकेटात मल्टिमीटरच्या पिना घातल्या. "व्होल्टेज फुल हाय मॅडम. मशीनच खराब आसंल."

"गीझर चालू ठेवून मोजा," मी म्हणाले. "वायरीत कुठंतरी रेझिस्टन्स आहे. करंट वाहतच नसेल तर तिथं व्होल्टेज कशाला पडेल? मीटर फुलच दाखवणार."

मी बारावीला फिजिक्स शिकवते, हे त्याला माहीत होतं. तो हसला. "पुस्तकातलं कॉलेजात ऱ्हाऊ द्या." आणि पिना गुंडाळून निघून गेला.

त्यानंतर आम्ही गीझर लावलाच नाही. तरी त्याच आठवड्यात एका सकाळी नुसता मिक्सर लावला आणि मशीन बंद पडलं, ते परत सुरूच होईना. आईचे ओठ निळे पडले. नवऱ्याने तिला उचलून गाडीत घातलं. कराडच्या दवाखान्यापर्यंत मी तिचं डोकं मांडीवर धरून बसले होते आणि माझ्या कानात ते हसणं वाजत होतं.

आई वाचली. तिला तिथं ठेवून मी परतले आणि बिल्डरला, इलेक्ट्रिशियनला खाली मीटरजवळ बोलावलं. घरातला गीझर, इस्त्री, सगळं सुरू केलं. थोड्याच वेळात जळका वास आला. मेन स्विच बंद करून पेटी उघडायला लावली. तांब्याची वायर ॲल्युमिनियमच्या केबलला नुसती पीळ देऊन जोडलेली, वर चिकटपट्टी. पट्टी वितळून काळी झाली होती. जोड तापत गेला, तापून आणखी खराब होत गेला, आणि आईच्या वाट्याचं व्होल्टेज तिथंच जळत राहिलं.

"बाकी कुणाची तक्रार न्हाई," बिल्डर म्हणाला.

"बाकीच्या पेट्या उघडा."

सगळीकडे तोच पीळ. वरच्या मजल्यावर तान्हं बाळ होतं. इलेक्ट्रिशियन आमचा तेवढा जोड बदलून निघायला लागला, तशी मी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. "सगळे होईपर्यंत कुणी हलायचं नाही."

संध्याकाळपर्यंत प्रत्येक घराला नीट दाबून बसवलेले, तांबं-ॲल्युमिनियम दोन्ही चालणारे कनेक्टर लागले. आई घरी आली. आता गीझर चालू असला तरी मशीन चालतं.

बिल्डरने कंदी पेढ्यांचा बॉक्स पाठवला. "चुकलं आसंल त्याचं, सोड की," म्हणत आईने एक खाल्ला. मी बॉक्स तसाच त्याच्या ऑफिसात नेऊन टेबलावर आदळला. तो काहीतरी बोलत होता. मी ऐकायला थांबले नाही.